जुनी सिरीयल पुन्हा कशी बघायची आणि कुठल्या भागाला थांबायचं

आमच्याकडे गेली तीन वर्षं रात्रीची जेवणं आवरली की मी आणि आई जुन्या सिरीयल बघायला बसतो. सुरुवातीला काही पद्धत वगैरे नव्हती, एखादी काढायची, साठ-सत्तर भाग अगदी रंगून बघायचे आणि मग कधीतरी लक्षात यायचं की आपण गेले पंधरा दिवस नुसते चिडचिड करत बघतोय पण सोडवत नाहीये. मग कंटाळून मधेच सोडली की ते पहिले साठ भाग पण आठवायला नको वाटायचे, आणि ह्याचंच मला सगळ्यात वाईट वाटायचं कारण ते साठ भाग खरंच चांगले होते, मनापासून लिहिलेले होते, त्यांच्यावर हा अन्याय होता.

त्यातून हळूहळू एक रीत बसली, ती इथे लिहितेय. मुळातली गोष्ट एकच आहे. चॅनेलवर सिरीयल संपते ती एक तारीख आणि त्या सिरीयलची गोष्ट संपते ती वेगळीच तारीख, आणि बऱ्याचदा ह्या दोन तारखांमधे वर्ष-दोन वर्षं असतात. आपल्याला ती दुसरी तारीख शोधायची असते. सापडली की तिथे थांबायचं.

आधी थोडा हिशोब करा

सिरीयल निवडताना नावापेक्षा आधी भाग किती आहेत ते बघा. डेली सोपचा अर्ध्या तासाचा एक भाग जाहिराती काढल्या तर २०-२२ मिनिटांचा असतो. 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' २०१२ च्या जानेवारीत सुरू झाली आणि ऑगस्टमधे संपली, म्हणजे दोनशेच्या आतच भाग, रोज तीन बघितले तर दोन-सव्वादोन महिन्यात निवांत होते. आता 'चार दिवस सासूचे' घ्या, ती ई टीव्हीवर २००१ ला सुरू झाली ती २०१३ पर्यंत चालली, तीन हजाराच्या वर भाग. नुसता गुणाकार केलात तरी ११०० तास होतात, रोज एक तास धरला तर तीन वर्षं. रोहिणी हट्टंगडी आणि कविता लाड ह्या दोघींसाठी मी आजही त्यातले सुटे भाग बघते पण ती सिरीयल सलग बघायला केलेलीच नव्हती, ती रोज संध्याकाळी अर्धा तास घरात सोबतीला असायची, लोकांच्या मुली लग्न होऊन गेल्या, नातवंडं झाली आणि ती चालूच होती. सलग बघायला बसलात तर तुम्ही पण दमाल आणि ती पण उगाच वाईट दिसेल.

पहिल्यांदाच हे करत असाल तर आठवड्यातून एकदा लागणाऱ्या सिरीयलपासून सुरुवात करा असं मी सांगेन. 'प्रपंच', 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ह्या त्यातल्या. दूरदर्शनच्या काळात तर १३ भागांची मंजुरी मिळायची, फार तर २६, म्हणजे लेखकाला पहिल्या दिवसापासून माहीत असायचं की आपल्याला किती चालायचंय. ह्याने खूप फरक पडतो. 'टिपरे' २००१ ते २००५ अल्फा मराठीवर होती, दिलीप प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' ह्या पुस्तकावरून केदार शिंदेंनी केलेली. सिरीयल सुरू झाली तेव्हा प्रभावळकर साठीचे पण नव्हते आणि आबा कसले म्हातारे वाटतात बघा, ती मान, ते हळूच खोचक बोलणं. आबा, शेखर, श्यामला, शलाका आणि शिऱ्या, बस, पाच माणसं आणि प्रत्येक भागात एक छोटीशी गोष्ट, आणि आबांची डायरी. त्यातला कुठलाही भाग काढा आणि बघा, मागचं-पुढचं काही लागत नाही. आणि लोकांना अजून हवी होती तेव्हाच ती बंद झाली, म्हणून तर आज इतक्या वर्षांनी सुद्धा आबा म्हटलं की चेहरा लगेच समोर येतो.

कुठे मिळतील हा प्रश्न असतो सगळ्यांचा. झी फाइव्ह, जिओहॉटस्टार (आधीचं हॉटस्टार) आणि यूट्यूब, चॅनेलच्या स्वतःच्या अकाउंटवर आधी शोधा, सह्याद्रीचं पण यूट्यूब चॅनेल आहे. शोधताना मराठीत आणि इंग्रजी स्पेलिंगनी दोन्ही प्रकारे टाइप करून बघा, कारण टाकणाऱ्यांनी नावं कशीही लिहिलेली असतात. दुसऱ्या कुणीतरी चढवलेले भाग असतील तर आधी पहिला, मधला आणि शेवटचा भाग आहे का ते तपासा, मधले वीस भाग गायब असले की फार जीव जळतो. काही गोष्टी मात्र कितीही शोधल्यात तरी पूर्ण मिळणार नाहीत. आधीच्या काळात टेपा महाग असायच्या, एकाच टेपवर पुन्हा पुन्हा रेकॉर्डिंग व्हायचं आणि दूरदर्शनचं सुरुवातीचं बरंच काम असं पुसलं गेलं. प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ माझ्या आईने लहान ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर शेजाऱ्यांच्या घरी बसून बघितलाय, तिला संवाद पाठ आहेत आणि मला दाखवायला मात्र हातात काही नाही.

पहिले पाच भाग आणि एक ओळ

आता खरी गोष्ट. पहिले पाच भाग काहीही पुढे न ढकलता बघायचे, टायटल साँगसकट. मग एक कागद घ्या आणि ह्या सिरीयलने आपल्याला कुठला प्रश्न विचारलाय तो एका ओळीत लिहा. एकाच ओळीत हं, दोन झाल्या म्हणजे तुम्हाला अजून नीट कळलेलं नाही, अजून दोन-तीन भाग बघा.

उदाहरण देते. 'एका लग्नाची दुसरी गोष्ट'ची माझी ओळ आहे, खोटं लग्न केलेल्या राधा आणि घनाला हे लग्न आपल्याला खरंच हवंय हे कधी कळणार. 'अग्निहोत्र'ची ओळ, ही एका घरातली माणसं एकमेकांपासून तुटली कशी आणि त्या वाड्यात पुन्हा एकत्र येणार का. 'आभाळमाया'ची ओळ, नवऱ्याचा दुसरीकडे जीव जडलाय हे समजल्यावर सुधा जोशी ताठ कशी उभी राहणार. 'रात्रीस खेळ चाले'च्या पहिल्या पर्वाची, अण्णा नाईक गेल्यावर ह्या घरात जे चाललंय ते भुताचं की माणसांचं.

तुमची ओळ माझ्यासारखीच हवी असं काही नाही. माझी मावशी 'आभाळमाया' बघताना म्हणायची की तिला सुधापेक्षा मुलींचंच बघायचं होतं, आई-बापाच्या ह्या भांडणातून पोरी कशा मोठ्या होतात ते. चालेल की. तिचा थांबायचा भाग माझ्यापेक्षा पुढे येईल एवढंच. पण ओळ लिहूनच ठेवा, मनात ठेवू नका, कारण शंभर भागांनंतर मनातली ओळ बदलते आणि आपल्याला कळत पण नाही, आपण वेगळ्याच कुणाच्यातरी अपहरणाची वाट बघत बसलेलो असतो.

काय पळवायचं आणि काय नाही

मागील भागात काय झालं ते पळवा. भागाच्या सुरुवातीला कालचाच शेवटचा प्रसंग पुन्हा असतो, तो पळवा. एका वाक्यावर सगळ्या घरातल्यांचे चेहरे एकेक करून दाखवतात आणि प्रत्येकावर ढॅण ढॅण वाजतं ते पण पळवा, पण त्या घरात विक्रम गोखले किंवा विनय आपटे बसलेले असतील तर त्यांच्यापर्यंत थांबा, त्यांनी नुसतं बघितलं तरी त्यात काहीतरी असतं. चॅनेलच्या दोन सिरीयलींची माणसं एकमेकांच्या घरी सणाला जातात तो प्रकार बिनधास्त पळवा, गोष्टीशी त्याचा काही संबंध नसतो.

सणाचे भाग मात्र सरसकट पळवू नका. नवीन डेलीमधे मंगळागौर, वटपौर्णिमा म्हणजे आठवडाभर भरजरी साड्या आणि कटकारस्थान असतं हे खरंय पण जुन्या सिरीयलमधे सणाच्या दिवशी सगळे एका ताटाला यायचे आणि नेमकं तिथेच काहीतरी तुटायचं नाहीतर जुळायचं. हे भाग लेखक राखून लिहायचे.

आणि कृपा करून वेग वाढवून बघू नका. माझा भाचा सगळं सव्वापट-दीडपट करून बघतो, त्याने 'अग्निहोत्र' तसं बघितलं आणि म्हणाला बरी आहे. मी त्याला बसवून तीन भाग नेहमीच्या वेगाने दाखवले. त्या सिरीयलमधे माणसं बोलता बोलता गप्प होतात, आणि कोण किती वेळ गप्प राहतं त्यावरून कळतं की कुणाच्या मनात काय अडकलंय. वेग वाढवला की पहिली हीच शांतता मरते. कंटाळवाणा प्रसंग असेल तर सरळ उडवा, पण जे बघाल ते त्याच्या वेगाने बघा.

पाणी कुठे घातलंय ते कसं ओळखायचं

ह्यावर मी जास्त लिहिणार आहे कारण सगळं इथेच असतं.

लोक लीप आला म्हणजे गोष्ट एकदम काही वर्षं पुढे गेली, स्मृती गेली, चेहरा बदलून आला, हुबेहूब दिसणारी दुसरी आली, अशा मोठ्या मोठ्या गोष्टींकडे बघतात. त्या आल्या म्हणजे सिरीयल संपली हे कुणालाही समजतं. पण तोपर्यंत उशीर झालेला असतो, त्याच्या आधी तीन-चार महिने पाणी घालणं चालू झालेलं असतं. लवकर ओळखायचं असेल तर बारक्या गोष्टी बघायला लागतात.

माझी सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे कामधंदा. सुरुवातीला सगळ्यांना काहीतरी काम असतं, कुणी बँकेत आहे, कुणी शिकवतंय, कुणाचं दुकान आहे, आणि त्या कामातून प्रसंग येतात. 'होणार सून मी ह्या घरची' मधे जान्हवी बँकेत होती, तिचं ते ऑफिसला जाणं-येणं, महिनाअखेरीचे पैसे, हे सगळं सुरुवातीला किती खरं वाटायचं. एक दिवस तुमच्या लक्षात येईल की गेले वीस भाग कुणी कामावर गेलेलंच नाही, सगळे दिवसभर हॉलमधे उभे आहेत. तारीख लिहून ठेवा. गोष्ट तिथे अडलेली असते.

दुसरी खूण स्वयंपाकघर. चांगल्या चाललेल्या सिरीयलमधे कुणीतरी भाजी निवडत असतं, कुकरची शिट्टी होते, दूध उतू जातं आणि बोलणं मधेच तुटतं. पाणी घालायला लागले की स्वयंपाकघरात लोक फक्त दाराआडून ऐकायला येतात.

मग ते अर्धवट ऐकणं. एखाद्या गैरसमजावर एक फोन केला असता तर तो पाच मिनिटात मिटला असता, आणि तो फोन कुणी महिनाभर करत नाही. एकदा झालं तर ठीक, माणसं खऱ्या आयुष्यात पण अबोला धरतात, माझ्या दोन काकांनी अकरा वर्षं धरला होता. पण तीच दोन माणसं, तोच गैरसमज दुसऱ्यांदा, आणि पहिल्या वेळचं शहाणपण दोघांनाही आठवत नाही, असं झालं की समजायचं. माणूस शिकलेलं विसरतो तेव्हा लेखकाकडचं सांगायचं संपलेलं असतं.

श्रेयनामावली बघायची सवय लावा. कथा कुणाची, पटकथा कुणाची, संवाद कुणाचे. डेलीमधे ही तीन कामं तीन वेगळ्या माणसांकडे असतात आणि पुढे जाऊन त्यातली नावं बदलतात. संवादाचं नाव बदललं की आठवड्याभरात माणसांच्या तोंडची भाषा बदलते, कोल्हापूरची म्हातारी अचानक पुस्तकी बोलायला लागते. पटकथेचं नाव बदललं की प्रसंग लांबायला लागतात. नट बदलला तर मात्र लगेच सोडू नका, पंधरा दिवस द्या, काही वेळा नवीन माणूस भूमिकेला छान बसतो.

आणि शेवटची, सगळ्यात साधी. नवीन संकट कुठून आलं ते बघा. घरातल्या कुणाच्या स्वभावातून आलं असेल तर गोष्ट जिवंत आहे, भले लांबली असेल तरी. ते गाडीतून उतरून आलं असेल, म्हणजे परदेशातून आलेली मैत्रीण, कधी न ऐकलेला भाऊ, जमिनीचे जुने कागद घेऊन आलेला बिल्डर, तर ते गोष्टीला नको असलेलं पण स्लॉटला हवं असलेलं संकट आहे.

हे असं का होतं

हे समजून घेतलं की राग बराच कमी होतो, निदान माझा झाला. टीआरपीचे आकडे दर आठवड्याला गुरुवारी येतात. चालणाऱ्या सिरीयलच्या अर्ध्या तासाला जाहिरातींचा भाव मिळतो, आणि ती बंद करून नवीन लावली तर ती चालेलच ह्याची खात्री नसते, शिवाय नवीनचा सेट, नवीन कलाकार, जाहिरात सगळा खर्च. म्हणून चालतंय ते चालू ठेवायचं. आठवड्याला सहा भाग द्यायचे असतात, कधी महाएपिसोड, आधी शूट करून ठेवलेल्या भागांची बँक संपत आली की लिहिणाऱ्याला आज रात्री लिहून उद्या सकाळी सेटवर पाठवावं लागतं, तेराव्या तासाला कलाकार तेच वाक्य म्हणतोय. आणि त्या सेटवर लाइटवाले, मेकअपवाले, स्पॉटबॉय, कपडेपट सांभाळणारे अशी कितीतरी घरं चालतात. सिरीयल लांबली म्हणून त्यांना कामं मिळाली हे पण खरंच आहे ना.

हे फक्त आपल्याकडे असं पण नाही. अमेरिकेत 'हॅपी डेज' नावाची सिरीयल होती, त्यात १९७७ साली फॉन्झी हा सगळ्यांचा लाडका माणूस वॉटर स्कीवर उभा राहून शार्कवरून उडी मारतो. लोकांनी पुढे त्या प्रसंगावरून, सिरीयल भरकटली हे सांगायला शब्दच पाडला. पण मला त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते, ती सिरीयल त्यानंतर सात वर्षं चालली, १९८४ पर्यंत. म्हणजे गोष्ट संपली तरी बघणारे होतेच, आणि ते काही खुळे नव्हते, त्यांना ती माणसं आवडत होती.

थांबायचं कसं

तुमच्या ओळीचं उत्तर मिळालं की त्या दिवशी पुढचा भाग लावू नका. तो आपोआप सुरू होतो दहा सेकंदात, ते ऑटोप्ले आधीच सेटिंगमधे जाऊन बंद करून ठेवा, हे फार गरजेचं आहे, माझे कितीतरी शेवट ह्या ऑटोप्लेने खाल्ले. उत्तर बऱ्याचदा महाएपिसोडला किंवा आठवड्याच्या शेवटच्या भागाला येतं आणि त्याच भागाच्या शेवटच्या दोन मिनिटात नवीन संकटाची गाडी दारात येते. म्हणून मी काय करते, ती दोन मिनिटं बघतच नाही. उत्तराचा प्रसंग संपला की बंद.

दुसऱ्या दिवशी त्याच सिरीयलचा पहिला भाग परत बघायचा. हे नक्की करा. माणसं कुठून कुठे आली ते दिसतं, आणि पहिल्या भागात लेखकाने किती काय काय आधीच ठेवून दिलं होतं ते कळतं. राधा-घनाचं केल्यावर मी पहिला भाग बघितला आणि नुसती रडले, लग्नच नको म्हणणारी ती मुलगी, अमेरिकेला निघालेला तो, दोघांनाही काही कल्पना नाही पुढे काय आहे. ती सिरीयल वेळेवर संपवली हे दिग्दर्शक सतीश राजवाडे आणि मंडळींचे खूप मोठे उपकार आहेत, आठ महिन्यात, लोक अजून हवी म्हणत असताना. तिथे चॅनेलची तारीख आणि गोष्टीची तारीख जवळजवळ एकच आहे. तुम्हाला ह्या दोन तारखा जुळल्या की कसं वाटतं ते अनुभवायचं असेल तर आधी तीच बघा.

थांबल्यानंतर पुढे काय झालं ते शोधू नका. विकिपीडियावर पण नको. पुढचे तीनशे भाग तुमच्यासाठी झालेच नाहीत.

पण कधी कधी उत्तर मिळाल्यावर त्यातूनच नवीन खरा प्रश्न निघतो, तेव्हा काय? तेव्हा नवीन ओळ लिहा आणि दहा भाग बघा. दहा भागात त्याच माणसांच्या जुन्या गोष्टीवर नवा उजेड पडत असेल तर चालू ठेवा. 'रात्रीस खेळ चाले'चं बघा, २०१६ चं पहिलं पर्व अण्णांच्या मरणापासून सुरू होतं, आणि २०१९ ला दुसरं आलं ते मागे गेलं, अण्णा जिवंत असतानाच्या काळात. माधव अभ्यंकरांचे अण्णा, शेवंता, तो सगळा दरारा आणि त्यांच्या बायकोचं, माईचं, गप्प सोसणं, पहिल्या पर्वात भिंतीवरचा फोटो होता तो आता माणूस झाला. माझ्या मते ते दुसरं पर्व लांबण नाहीच, पहिल्यात राहिलेल्या प्रश्नाचं ते उत्तर होतं. कोकणातली माणसं, ती मालवणी, आमच्या आजोळची बोली टीव्हीवर अशी रोज ऐकू यायची म्हणून आई तर कान लावून बसायची. पण अशा दुसऱ्या-तिसऱ्या पर्वांच्या बाबतीत माझा नियम कडक आहे, पहिला आठवडा बघायचा आणि विचारायचं की जुन्या पर्वात अर्धवट राहिलेलं काही हे उघडतायत का, की फक्त जुन्या नावाने बोलावतायत. नुसत्या नावाने बोलावत असतील तर जायचं नाही, कितीही प्रेम असलं तरी.

सोबत बघणाऱ्याचं काय करायचं

हे लिहिल्याशिवाय पुरं होणार नाही कारण घरात एकटं कुणी बघत नाही.

आई माझ्यासारखी थांबत नाही. पहिल्यांदा मी 'गोष्ट संपली' म्हणून एक सिरीयल बंद केली तेव्हा ती म्हणाली, "अगं पण ती माणसं आहेत ना अजून. त्यांचं काय चाललंय ते नको का बघायला?" मी वाद घातला, ओळ दाखवली, कागद दाखवला. ती काही बोलली नाही, उठून झोपायला गेली. दोन दिवसांनी मला कळलं की दुपारी मी ऑफिसात असताना ती पुढचे भाग बघते आणि मी आले की बंद करते. मला फार लागलं ते. माझ्याच घरात माझ्या आईला चोरून बघावं लागतंय हे काही बरं नाही. बाबा गेल्यापासून दुपार तिला खायला उठते, त्यात ती माणसं येऊन बोलतात, भांडतात, चहा करतात. तिला गोष्टीची गरजच नव्हती, तिला घर भरलेलं हवं होतं.

तेव्हापासून आमचं असं ठरलंय. रात्री आम्ही दोघी मिळून बघतो ती माझ्या रीतीने, ओळ लिहून, थांबायच्या भागापर्यंत. दुपारची तिची, तिला वाटेल तितकी, लीप येऊ दे नाहीतर पुनर्जन्म. मी फक्त एवढंच केलं की टॅबवर तिच्यासाठी वेगळं प्रोफाइल करून दिलं, अक्षरं मोठी केली, आणि कालचा भाग कुठे राहिला ते तिला एका टचमधे सापडेल असं ठेवलं. तुमच्याकडे पण कुणी सासूबाई, आजी, काकू अशा असतील तर त्यांना तुमची थांबायची जागा शिकवू नका. त्यांना रिमोट नीट वापरायला शिकवा. आणि संध्याकाळी घरी आलात की दहा मिनिटं बसून आज काय झालं ते विचारा, त्या इतकं छान सांगतात, पाणी घातलेला भाग पण तीन वाक्यात घट्ट करून सांगतात.

मुलांबरोबर बघायचं असेल तर डेली नकोच, 'गोट्या' किंवा 'टिपरे', एका वेळी एक भाग, आणि पहिल्या भागात हसली नाहीत तर जबरदस्ती करू नका, सहा महिन्यांनी परत लावा.

वही

एक वही ठेवा. सिरीयलचं नाव, ओळ, कुठल्या भागाला थांबलो, आणि त्यातले परत बघण्यासारखे पाच-सात भाग, नंबरासकट. नंबर लिहिला नाही तर नंतर सापडत नाही, दोनशे भागांमधे एक प्रसंग शोधणं म्हणजे रात्र जाते. माझी मामेबहीण न्यू जर्सीत असते, तिच्या मुलींना मराठी कळतं पण लांबलचक बघायला वेळ नाही, मी तिला वहीतले हे नंबर फोटो काढून पाठवते आणि त्या शनिवारी सकाळी बघतात. धाकटी आता आबांसारखं 'शिऱ्या' म्हणून हाक मारते कुत्र्याला.

सध्या रात्री आमची 'वादळवाट' चालू आहे, अल्फाचं झी मराठी झालं त्या काळातली, २००३ ते २००७, म्हणजे भाग भरपूर. ओळ मी लिहिली ती आईला पटली नाही, तिने तिची वेगळी सांगितली, म्हणून ह्यावेळी वहीत दोन ओळी आहेत आणि खाली भागाच्या नंबराची जागा दोघींसाठी वेगवेगळी मोकळी ठेवलीय.